शुगर फ्री म्हणजे नक्की काय फ्री?

भाईंदर पूर्वेहून बोलतोय. मागे लोकलचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

बाबांना डायबिटीस आहे. चहात साखरेऐवजी गोळी टाकतात. तरी मागच्या महिन्यात रिपोर्टमध्ये साखर वाढलेली. "घरात गोड आहेच कुठे?" आई म्हणाली. मग मी बिस्किटांचा डबा उघडला. 'शुगर फ्री' लिहिलंय म्हणून बाबा बिनधास्त सात-आठ खायचे. पाकीट उलटं केलं, तर पहिलाच घटक मैदा! अहो, मैद्याचं पोटात जाऊन ग्लुकोजच होतं. दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासणारा मी, घरातलं पाकीट कधी वाचलंच नव्हतं.

आता गोळीचं. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमची नोंद 'कदाचित कर्करोगकारक' गटात झाली. तो फॉरवर्ड सगळ्यांकडे आला. पण त्याच वेळी तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला २,८०० मिलिग्रॅम. बाबांच्या दोन गोळ्या त्यापुढे किरकोळ.

खरी गोची माझी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं, वजन आटोक्यात ठेवायला स्वीटनर वापरू नका, दीर्घकाळात चरबी कमी होत नाही. हा सल्ला आधीपासून डायबिटीस असलेल्यांसाठी नव्हता. माझ्यासारख्या, रोज डाएट कोला पिऊन वडापाव माफ करून घेणाऱ्यांसाठी होता.

आता बाबा चहाबरोबर फुटाणे खातात, कुरकुरत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट दिवाळीआधी आहे. फ्रिजमध्ये माझे दोन कॅन अजून आहेत.