दवाखान्यालाही पंचसूत्री लावू या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी आरोग्य या विषयावर मांडलेले विचार. अनेक ताईंनी लेखी मागितल्यामुळे इथे छापत आहोत.)



मागच्या आठवड्यात मी तीन गटांची कर्ज रजिस्टरं तपासत होते. कर्जाचं कारण लिहितो ना आपण, त्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. शेळी, खत, मुलाची फी, दवाखाना. परत शिलाई मशीन, दवाखाना, दवाखाना. शेळी घेताना आपण काय करतो? दात बघतो, कास बघतो, चार जणींना विचारतो. आणि दवाखान्यात शेळीच्या चौपट पैसे घालताना काय बघतो? तर कुणीतरी म्हणालं, ‘तिथं चांगलं आहे, एसी आहे’, म्हणून जातो.

हे मी तुम्हाला शिकवायला सांगत नाही. माझ्याच घरी हे झालंय.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या गावातल्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही तिला नेलं. पुढे काचेचं दार, चकाचक फरशी, रिसेप्शनवर टीव्ही. मी नुकतीच एमएसडब्ल्यू झालेली. डॉक्टरांशी मीच बोलले, सगळे मोठे मोठे शब्द वापरून. ऑपरेशन नीट झालं, ते मी आजही मान्य करते. सहाव्या दिवशी आई शेतातली कामं आटोपून आली आणि आजीचं लुगडं बदलायला तिने तिला कुशीवर वळवलं. माकडहाडाच्या जागी हाताच्या तळव्याएवढी कातडी गेलेली होती. बेडसोर. आजी म्हणाली, ‘आग होतीय म्हणून मी रोज सांगत होते गं.’ सांगत होती, पण कुणाला? रात्री तिथे एकच मुलगी असायची. ती प्रशिक्षित नर्स होती का, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

पडून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, पाठ कोरडी ठेवावी लागते. याला मशीन लागत नाही, माणूस लागतं. आजी काठीवर चालायला लागली तरी ती जखम भरली नव्हती. आईने चार महिने ती रोज धुतली. त्या दवाखान्याच्या बिलासाठी आईने गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं होतं, ते यंदाच्या संक्रांतीला फिटलं. सहा दिवस मी आजीच्या उशाशी बसून होते, पण तिची पाठ एकदाही बघितली नाही. आईने आल्या आल्या बघितली.

म्हणून मला वाटतं, चांगली सेवा ओळखायची नजर तुमच्याकडे आहेच. बँकेचे साहेब गटाचं ग्रेडिंग करायला येतात तेव्हा आपलं भाषण ऐकतात का? नाही. इतिवृत्ताची वही उघडतात, हजेरी बघतात, परतफेड बघतात. आपल्या गटाची पंचसूत्री आहे, तशीच दवाखान्यासाठीही पाच गोष्टी धरू या.

पहिली गोष्ट, हात आणि संडास. पेशंटला हात लावायच्या आधी नर्सताई हात धुतात का? नळापाशी साबण आहे का? बाळंतीण बाई ज्या संडासात जाणार, तो आपण आत जाऊन बघायचा. कचऱ्याकडेही बघा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्यात आणि सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात टाकायच्या असतात. चहाचे कप आणि सुया एकाच बादलीत दिसल्या, तर बाकीचं काय असेल ते आपलं आपण समजावं.

दुसरी गोष्ट, रात्र. दिवसा सगळीकडे लगबग असते. आपण विचारायचं, ‘रात्री ड्यूटीवर कोण असतं? प्रशिक्षित नर्स आहेत का? डॉक्टर कुठे राहतात, बोलावल्यावर किती वेळात येतात?’ बाळंतपणासाठी जात असाल तर अजून दोन प्रश्न. अचानक सिझर करावं लागलं तर भूल देणारे डॉक्टर कुठून येणार? रक्त लागलं तर कुठून आणणार? आणि आत गेल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघून ठेवायचा. तिथे खोकी, मोडक्या खाटा रचलेल्या नाहीत ना? २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा बाळं गेली. ती बातमी ऐकून आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. आग कुठेही लागू शकते, रस्ता मात्र मोकळा हवा.

तिसरी गोष्ट, नोंद. हे तर आपलं रोजचं काम. खाटेपाशी कागद असतो, त्यावर ताप, बीपी, नाडी आणि इंजेक्शनची वेळ लिहिलेली असते. ती त्या त्या वेळी लिहितात, की सकाळी एकदम भरतात? आपल्यातही काही गट तीन बैठकांच्या सह्या एकाच दिवशी घेतात, हसू नका, मला माहीत आहेत! बाळंतपणानंतरचे पहिले काही तास फार जपायचे असतात. तेव्हा अंगावरून किती जातंय, बीपी किती आहे, हे कुणीतरी पुन्हा पुन्हा येऊन बघितलं पाहिजे. बाळ ठीक असेल तर पहिल्या तासातच छातीला लावायला मदत केली पाहिजे. आणि म्हातारं माणूस पडून असेल तर रोज एकदा त्याची पाठ स्वतः बघायची. लाज वाटून घेऊ नका.

चौथी गोष्ट, बोलणं. काय आजार आहे, ऑपरेशन का करायचं, दुसरा काही उपाय आहे का, हे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतात का? सहीचा कागद वाचायला वेळ देतात का? तपासताना पडदा ओढतात का? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्ण हक्कांची सनद तयार केली आहे. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर सोबत एक बाई असावी, हा हक्क त्यात आहे. औषध कोणत्याही दुकानातून घ्यायचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा हक्कही आहे. आजी ‘आग होतीय’ म्हणत होती. ज्या दवाखान्यात पेशंटचं असं बोलणं कुणी ऐकत नाही, तिथे बाकी सगळं असून काय उपयोग?

पाचवी गोष्ट, पैसा. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. त्याचे नियम २०२१ साली सुधारले. दवाखान्याने नोंदणी करायची, दरांचा फलक आणि रुग्ण हक्कांची सनद समोर दिसेल अशी लावायची. बिल बाकी आहे म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. बिल तपशीलवार मागा. ‘इतर खर्च’ असं लिहून मोठी रक्कम टाकली असेल तर ‘इतर म्हणजे काय?’ असं शांतपणे विचारा. आणि भरती व्हायच्या आधी विचारा, ‘हा दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का?’ योजना प्रत्येक दवाखान्यात चालत नाही. जिथे चालते तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात. आमच्या घरी हा एक प्रश्न विचारायचा राहिला.

आता कुणी म्हणेल, बाई रक्ताने भिजली असताना मी साबण बघत बसू का? अजिबात नाही. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि जवळ मदत मिळेल तिथे पोचायचं. म्हणूनच हे आधी बघायचं. घरात गरोदर सून आहे ना, मग सातव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच दोन ठिकाणं बघून या. त्यात सरकारी रुग्णालयही धरा. तिथे बाळंतपण आणि सिझर दोन्ही मोफत आहे. त्यालाही हेच पाच प्रश्न लावा. सरकारी म्हणून नाक मुरडायचं नाही आणि खाजगी म्हणून भुलायचं नाही.

आणखी एक सांगते. औषध बरोबर की चूक, हे आपल्याला ठरवता येणार नाही, त्या वादात पडू नका. आपल्या तालुक्यात मनापासून काम करणारे डॉक्टर आणि नर्सताई आहेत. त्यांचंही नाव आपण घेतलं पाहिजे.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक ग्रामसंघाने एक वही घालावी. दवाखान्यातून घरी आलेल्या ताईने महिन्याच्या बैठकीत या पाच गोष्टी सांगायच्या, लेखापाल ताईंनी तारखेसह लिहायच्या. स्वतः पाहिलेलंच लिहायचं, ऐकीव नाही. तिच्या आजाराची चर्चा करायची नाही आणि वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. तक्रार असेल तर आधी दवाखान्याकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची. दाद मिळाली नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अर्ज करायचा. एकटी गेली तर ‘उद्या या’ म्हणतात. पाच जणी गेलो की खुर्ची देतात, हा आपला बँकेतला अनुभव आहेच.

परवा घरी गेले होते. आजी ओट्यावर ऊन खात बसली होती. तिला म्हटलं, ‘मी सभेत तुझी गोष्ट सांगणार आहे, चालेल ना?’ ती म्हणाली, ‘सांग की. पण पाठ बघा म्हणावं, पाठ.’

तर ताईंनो, पुढच्या बैठकीला वही आणा. पहिल्या पानावर आजीच्या त्या दवाखान्याबद्दल मी स्वतः लिहिणार आहे.