पेढीची पहिली पायरी

कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या न्यूयॉर्कच्या पेढ्यांत शिरूं पाहणाऱ्यास प्रथम भेडसावतो तो वयाचा प्रश्न. १९०७ सालीं सिडने वाइनबर्ग गोल्डमन सॅक्समध्यें झाडलोटीस लागला, तेव्हां तो सोळा वर्षांच्या आंतबाहेरचा होता. भागीदारांच्या बुटांवरील चिखल पुसणारा हा पोरगा १९३० मध्यें त्याच पेढीचा प्रमुख भागीदार झाला! तें दार आतां मिटलें आहे. बाविशीच्या सुमारास पदवी घेऊन ‘ॲनलिस्ट’ व्हावें, अथवा कांहीं वर्षें अन्यत्र काढून एम.बी.ए.नंतर ‘असोसिएट’ व्हावें, या आज मुख्य वाटा. आणि दुसरी तिशीनंतर अरुंद होत जाते. चाळिशी गांठलेल्यांस अमेरिकेंत १९६७ च्या कायद्याचें संरक्षण आहे खरें. पण कायदा जागरणें थोडींच वांटून घेतो? आंकड्यांचे तक्ते मध्यरात्र उलटेपर्यंत दुरुस्त करावयाचे, तेही वयानें लहान वरिष्ठाच्या हाताखालीं! घरीं तान्हें मूल असलेल्यास हें झेपणें कठीण. मात्र औषधांच्या धंद्यांत पंधरा वर्षें मुरलेल्यानें ही उमेदवारी करावीच कां? मला वाटतें, त्यानें आपलें ज्ञान व ओळखी घेऊन थेट वरची जागा मागावी. कारखाना विकावयास निघालेला मालक पंचविशीच्या तरुणापेक्षां अशाच माणसाशीं मोकळेपणीं बोलतो.