विक्रांतची प्रतिकृती कशी तपासावी



वीतभर लांबीच्या जहाजावर तासभर काय बोलणार, असे आमच्या एका स्नेह्यांनी आज सकाळीच विचारले. शंका रास्त आहे. परंतु ज्या जहाजाविषयी आम्ही बोलणार आहोत ते आता जगात कोठेच नाही. 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ साली आरमारी सेवेतून निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ साली ते संग्रहालय सुरक्षिततेसाठी बंद झाले, आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिच्या तोडणीला सुरुवात झाली. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्यानंतर पुढच्या पिढीच्या हाती राहणार ते नकाशे, छायाचित्रे आणि प्रतिकृती. मूळ वस्तूच नाहीशी झाली म्हणजे तिची नक्कल साक्षीदार होते. आणि साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच.

आता मोजमापाकडे वळू. विक्रांतची एकूण लांबी सातशे फूट होती. लहान जहाजे बनविणाऱ्यांत सातशेपटीने लहान करण्याचे प्रमाण फार रूढ आहे, म्हणजे या प्रमाणात विक्रांत बरोबर एक फूट लांब व्हावयास हवी. शाळकरी मुलालाही पट्टी लावून पाहता येईल इतके हे सोपे आहे. रुंदीपाशी मात्र पुष्कळांची गल्लत होते. पुस्तकात रुंदी १२८ फूट दिलेली असते, ती वरच्या डेकची, म्हणजे विमाने जेथून उडतात त्या सपाट फळीची. पाण्यात असणारा सांगाडा केवळ ८० फूट रुंद होता. प्रतिकृतीत पहिली रुंदी सुमारे ५६ मिलिमीटर आणि दुसरी ३५ मिलिमीटर भरली पाहिजे. दोन्ही एकच समजून केलेली नौका तराफ्यासारखी पसरट दिसते, आणि पाहणाऱ्याला काहीतरी खटकते पण काय ते सांगता येत नाही.

एक मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ जहाजावर सत्तर सेंटिमीटर, सव्वादोन फुटांहून जास्त. हा हिशेब उलट बाजूनेही करून पाहावा. डेकच्या कडेच्या कठड्यात बोटाएवढ्या जाडीची तार असते. ती सातशेपटीने लहान केली तर डोळ्याला दिसणारच नाही. आपल्या डोक्याचा केस तेथे लावला तरी तो मूळ जहाजावर दोन इंच जाडीचा गज ठरतो! म्हणून ज्या प्रतिकृतीत कठडे, दोऱ्या, शिड्या सगळे ठसठशीत दिसते, तिला लोक 'किती बारीक काम!' म्हणतात, आणि आमच्या मते नेमकी तीच अधिक खोटी असते. काही गोष्टी गाळणे हाही अचूकपणाच होय. हे मत कारागिरांना रुचत नाही, हे आम्ही जाणून आहोत.

नकाशा हाती नसेल तर काय करावे? छायाचित्र घ्यावे. पण छायाचित्रावर थेट पट्टी ठेवू नये. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान. विमानवाहू नौकेच्या बाबतीत एक सोय आहे. तिच्या डेकवर ज्ञात लांबीची मोजपट्टीच उभी असते, ती म्हणजे विमान. सी हॉक विमान साधारण बारा मीटर लांब. उजव्या कडेच्या मनोऱ्याला लागूनच, छायाचित्रकाराला आडवे असे एखादे उभे असेल, तर त्याच्या लांबीशी मनोऱ्याची उंची ताडून पाहता येते. विमानाचे पंख मात्र मापाला घेऊ नयेत. ते मिटता येतात, आणि चित्रात अर्धवट मिटलेले पंख चांगल्या चांगल्यांना फसवितात.

इतके सगळे जुळले तरी एक प्रश्न उरतोच, आणि तोच आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही प्रतिकृती कोणत्या सालची? हा सांगाडा १९४५ साली इंग्लंडात 'हर्क्युलिस' या नावाने पाण्यात उतरला, अपुरा पडून राहिला, १९५७ साली भारताने विकत घेतला, आणि बेलफास्टला पुरा होऊन १९६१ च्या मार्चमध्ये विक्रांत म्हणून आपल्या आरमारात आला. तेव्हा विमाने वाफेच्या यंत्राने पुढे फेकली जात आणि डेक सपाट होता. ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बझारवर हल्ला करणारी सी हॉक याच डेकवरून उडाली. १९८३ साली सी हॅरियर आली. पुढे, १९८७ साली अलिझे विमाने जहाजावरून गेल्यानंतर, नाळेशी पावणेदहा अंशांचा चढ बांधण्यात आला. तो चढ आणि सी हॉक एकाच प्रतिकृतीत दिसली तर असे जहाज कधीच नव्हते असे खुशाल समजावे. शिवाय २०२२ साली सेवेत आलेल्या नव्या विक्रांतलाही आर-११ हाच क्रमांक आहे. तिची लांबी तर २६२ मीटर! तेव्हा नुसत्या नावावर आणि क्रमांकावर विसंबण्यात अर्थ नाही.

हे सारे आम्ही मोठ्या ऐटीत सांगत आहोत खरे. परंतु ज्या प्रसंगाने हे शिकलो तोही सांगितला पाहिजे. एका शाळेच्या प्रदर्शनात आम्हाला परीक्षक म्हणून बोलावले होते. नववीतल्या एका मुलीने विक्रांत आणली होती. डेक सपाट, आणि वर सी हॅरियर उभी. आम्ही मनाशी म्हटले, चढ नाही आणि सी हॅरियर कशी? अचूकतेचे गुण कापून पुढे गेलो. बक्षीस दुसऱ्याला गेले. निघताना ती मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, पाटी वाचलीत का?" पाटावर बारीक अक्षरांत १९८५ असे लिहिले होते. १९८३ नंतर काही वर्षे सी हॅरियर त्या सपाट डेकवरूनच आखूड धाव घेऊन उडत होती. हे आम्हाला ठाऊक होते, पण त्या क्षणी आठवले नाही. चूक पोरीची नव्हती, आमची होती.

दुसऱ्या दिवशी शाळेला तसे पत्र लिहिले आणि संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडील संकोचले. तिने मात्र जहाज काढून पुढे ठेवले आणि म्हणाली, "सर, चूक आहेच यात. तुम्हाला दिसली नाही." तिने मनोऱ्यावरच्या डोलकाठीला पट्टी लावली. डोलकाठी तीन मिलिमीटर उंच झाली होती. मूळ जहाजावर जवळजवळ सात फूट. छायाचित्रातल्या विमानावरून तिने ती मागाहून ताडून पाहिली होती, आणि प्रदर्शनापूर्वी काठी बदलायला वेळ उरला नव्हता.