विद्येचे चार पाद आणि बंद शाळा

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



मठाचा वर्धापनोत्सव म्हटला की महापूजा, पालखी आणि महाप्रसादाची पंगत ही प्रथम डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु मठाच्या जीवनात आणखी एक गोष्ट अशी आहे की, जिचा उत्सव कोणी मांडत नाही. पहाटे पाठशाळेच्या ओसरीवर मुले संथा म्हणतात, तो घोष ही ती गोष्ट होय. नंदादीप आणि पाठघोष ही दोन्ही अखंड असावीत, अशी मठपरंपरेची जुनी भावना आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात कोरोनाची महामारी आली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि शाळांबरोबर पाठशाळांचीही दारे मिटली. नंदादीप तेवत राहिला; घोष मात्र थांबला. त्या काळात बेळगाव-निपाणीच्या टापूतील घराघरांनी मुलांचे शिक्षण कसे सांभाळले, त्यात काय साधले आणि काय निसटले, याचा विचार उत्सवाच्या दिवशीच करणे उचित आहे. कारण उत्सव हा जसा आनंदाचा, तसा हिशेबाचाही दिवस असतो.

साथीमुळे जनजीवन विस्कळीत होण्याचा हा काही पहिलाच प्रसंग नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत तो बेळगाव-धारवाडच्या मुलखातही पसरला. १८९७ चा साथरोग कायदा त्याच संकटातून जन्मला, आणि २०२० साली त्याच कायद्याचा आधार पुन्हा घ्यावा लागला. प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की गावे उठत आणि माणसे रानात झोपड्या घालून राहत. या वेळचे संकट नेमके उलटे होते. तेव्हा घर सोडावे लागे. आता घरातच कोंडून घ्यावे लागले. मुलाला शाळेत जाता येईना, म्हणून घरालाच शाळा व्हावे लागले.

घर शाळा होऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर एका प्रसिद्ध सुभाषिताच्या आधारे शोधता येते. विद्येचे चार पाद आहेत, असे ते सुभाषित सांगते. एक पाद शिष्याला आचार्यांकडून मिळतो. दुसरा तो स्वतःच्या बुद्धीने मिळवतो. तिसरा सहाध्यायांकडून येतो. आणि चौथा काळाच्या ओघात परिपक्व होतो. बंद शाळांच्या काळात या चारही पादांची परीक्षा झाली.

पहिला पाद आचार्यांचा. शिक्षकांनी मुलांपर्यंत पोचण्याचा प्रयत्न केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्नाटकात २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ ही योजना सुरू झाली. मोठा मोबाइल असलेली मुले, साधा फोन वा दूरदर्शन संच असलेली मुले आणि काहीच नसलेली मुले असे तीन गट करून शिक्षक वस्तीवस्तीत जाऊ लागले. देवळाच्या मंडपात, समाजमंदिरात, झाडाच्या सावलीत वर्ग भरले. विद्यागम म्हणजे विद्येचे येणे. एरवी मुले विद्येकडे जात. येथे विद्या मुलांच्या दारी आली. परंतु संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये हे वर्गही थांबवावे लागले.

दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर पाठ दाखवले जात. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागत असे. सीमाभागातील मराठी शाळेच्या मुलाची मात्र येथे विचित्र अडचण झाली. सह्याद्रीवरील भाषा त्याच्या घरची, पण पाठ महाराष्ट्राच्या पुस्तकातले. त्याचे मराठी पुस्तक कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक संघाचे. एका वाहिनीवर आपली भाषा, दुसऱ्या वाहिनीवर आपला अभ्यासक्रम; आणि दोन्ही एकत्र देणारे गुरुजी घरी बसलेले. राज्याची सीमा कोगनोळीच्या नाक्यावर तर सर्वांना दिसली. ती मुलांच्या दप्तरातूनही गेली आहे, हे त्या दिवसांत उमगले. २०२१ साली महाराष्ट्राने दहावीची परीक्षा रद्द केली, आणि कर्नाटकाने ती १९ व २२ जुलै या दोन दिवसांत घेतली. कागलचा मामेभाऊ परीक्षेविना उत्तीर्ण, आणि निपाणीचा आतेभाऊ मुखपट्टी बांधून परीक्षेला, असे एकाच गोतावळ्यात घडू शकत होते.

दुसरा पाद स्वबुद्धीचा. ज्या मुलाला वाचता येत होते, त्याला या काळात घराने पुष्कळ दिले. आजोबांच्या पोथ्या फडक्यातून बाहेर निघाल्या. आजीच्या तोंडच्या ओव्या, पाढे आणि कोडी नातवंडांनी ऐकली. शेतात बापामागे हिंडून कित्येकांना नक्षत्रे आणि पेरणीचे हिशेब कळले. ही विद्या खोटी नव्हे. परंतु बुद्धी हा अग्नी आहे, आणि अग्नीला प्रथम काडी कोणीतरी लावून द्यावी लागते. ज्याच्या हाती अक्षर आधीच आले होते, तो पुढे गेला. ज्याचे अक्षर यायचे होते, तो जागीच राहिला. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती; २०२२ साली ती २०.५ उरली. मुळात थोडे असलेले धन असे आणखी थोडे झाले.

तिसरा पाद सहाध्यायांचा. वेदपाठ घेणाऱ्यांना याचा अनुभव सर्वांत आधी आला. फोनवरून संथा देण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी झाला. गुरुजींनी एकदा म्हणावे आणि एका शिष्याने दोनदा म्हणावे, इतके त्यावर जमते. पण दहा मुलांनी एका स्वरात म्हणू पाहिले की प्रत्येकाचा आवाज क्षणभर मागेपुढे पोचतो, आणि घोषाचा गोंगाट होतो. समूहपाठात चुकणाऱ्याला शेजारच्याचा स्वर सावरून घेतो. त्याची चूक चारचौघांत उघडी न पडता दुरुस्त होते. यंत्राला सर्व काही नेता आले, तो शेजारचा स्वर तेवढा नेता आला नाही.

या टापूत सहाध्यायी आणखी एक गोष्ट देतो, ती म्हणजे दुसरी भाषा. मराठी घरातले मूल कन्नड शिकते ते पुस्तकात कमी आणि शाळेच्या अंगणात अधिक. गोट्या खेळताना, भांडताना, डबा वाटून खाताना. कन्नड घरातल्या मुलाची मराठीही तशीच येते. अंगण ओस पडले, तेव्हा प्रत्येक मूल आपल्या घरच्या भाषेत एकटे राहिले. हा स्मरणग्रंथ दोन भाषांत निघत आहे. मोठ्यांनी दोन भाषांत ग्रंथ काढावा आणि मुलांनी एकाच भाषेत मुके राहावे, ही गोष्ट मठाला शोभणारी नाही.

चौथा पाद काळाचा. काळ विद्या पिकवतो हे खरे, परंतु पेरणीच झाली नसेल तर तो काय पिकवणार? कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. म्हणजे धाकट्या मुलांची शाळा सुमारे एकोणीस महिने बंद होती. २०२० च्या जूनमध्ये ज्याचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते मूल प्रथम वर्गात बसले तेव्हा दुसरीत होते. पहिली पायरी न चढताच त्याला दुसरीवर उभे करण्यात आले. पुढे २०२२-२३ या वर्षी ‘कलिका चेतरिके’, म्हणजे शिक्षणाची पुन्हा उभारी, या नावाने सरकारी शाळांत गळलेला भाग भरून काढण्याचा उपक्रम झाला. तो स्तुत्यच होय. तथापि, एकोणीस महिन्यांचे ऋण एका वर्षात फिटते असे मानणे हा मनाचा भाबडेपणा होईल.

या चारही पादांचा भार त्या काळात एकाच व्यक्तीवर येऊन पडला. ती व्यक्ती म्हणजे घरची माउली. निपाणी हे तंबाखूचे गाव. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या स्त्रिया येथे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने ठरते. टाळेबंदीत ते काम आधी बंद पडले. पुन्हा सुरू झाले तेव्हा मागची तूट भरून काढायची होती. अशा स्त्रीने एका हाताने पान वळावे आणि दुसऱ्या हाताने मुलाची पाटी तपासावी, अशी अपेक्षा सर्वांनी केली. तिला स्वतःला वाचता येते की नाही, हे फार थोड्यांनी विचारले. घरात फोन एकच, तोही धन्याबरोबर सकाळी बाहेर पडणारा. मग पाटी घेऊन सुपाजवळ बसलेल्या मुलीच्या हाती हळूहळू पेन्सिलीऐवजी बिडीचा दोरा आला. यात त्या आईचा दोष नाही. भुकेपुढे तिने जे केले, ते कोणीही केले असते. परंतु शाळा उघडली तेव्हा काही मुलींच्या हातातला दोरा सुटला नाही, आणि काही मुले उसाच्या फडातून परतली नाहीत. महामारीचा हा घाव दवाखान्याच्या वहीत नोंदला गेला नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते. घर हे शाळेचा आधार होऊ शकते, शाळेची जागा घेऊ शकत नाही. घर श्रद्धा देते, सवय देते, स्मरण देते. गुरूचे शासन आणि सहाध्यायाचा स्वर देण्यास मात्र घराबाहेरचे अंगणच लागते. ज्या घरांनी त्या दिवसांत हे सर्व एकट्याने पेलण्याची धडपड केली, त्यांना वंदन करावे. पण त्या धडपडीचे कौतुक करून आपले कर्तव्य संपले असे मानू नये.

२०२० साली अक्षर गिरवू पाहणारी ती मुले आता वरच्या वर्गांत आहेत. पुस्तक उघडले की ती गप्प होतात, आणि मोठी माणसे त्यांना मठ्ठ म्हणतात. ती मठ्ठ नाहीत. त्यांची संथा राहिली आहे. राहिलेली संथा मागाहून देता येते, हा पाठशाळेचा नित्याचा अनुभव आहे. जो शिष्य आजाराने मागे पडतो, त्याला गुरुजी सायंकाळी जवळ बसवून मागचा पाठ देतात, आणि त्यात कोणी त्याचा उपहास करीत नाही.

हीच रीत प्रत्येक गावाने उचलावी. सायंकाळी दिवेलागणीनंतर एक तास देवळाचा मंडप मुलांसाठी मोकळा ठेवावा. ज्याला वाचता येते त्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे. एक दिवस मराठी पुस्तक, एक दिवस कन्नड. मोबाइल असला तर असू द्यावा, पण मुलांनी एकमेकांजवळ बसावे. आणि ज्या घरात मुलीच्या हाती अजून दोरा आहे, त्या घरी प्रसाद घेऊन जावे, आईशी आदराने बोलावे, त्या घराची अडचण समजून घ्यावी, आणि येताना मुलीला मंडपात घेऊन यावे.

महाप्रसादाच्या पंगतीत शेवटचा माणूस जेवल्यावाचून वाढपी बसत नाही. विद्येच्या पंगतीलाही तोच नियम लागू आहे. तिची शेवटची पाने अजून वाढावयाची राहिली आहेत.

॥ शुभं भवतु ॥