फुकट आहे, पण आयतं नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. वीस-बावीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या माणसाची पंधरा मिनिटं हजेरी घेण्यात आणि खिडक्या उघडण्यातच जातात. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर आपल्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालली आहे. काहींना कमान हवी आहे. काहींना ‘स्मार्ट क्लास’ हवा आहे. एका कंपनीचं दरपत्रकही येऊन पडलं आहे. त्यात फळा आहे, पडदा आहे, आणि सगळ्यात मोठा आकडा आहे तो ‘डिजिटल अभ्यासक्रम’ या ओळीसमोर, तोही दरवर्षी भरायचा. आज मला या एका ओळीबद्दलच बोलायचं आहे. कारण त्या ओळीत जे विकत मिळतंय, त्यातलं बरंचसं जगात फुकट पडलेलं आहे, आणि पुष्कळदा जास्त चांगलं आहे.

आधी सांगतो, ‘फुकट’ या शब्दाला आपल्या भागात वेगळा मान आहे. सिद्धगडाच्या सावलीत वाढलेल्या मुलांना भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही नावं पाठ असतात. २ जानेवारी १९४३ ला ते इथल्या जंगलात हुतात्मा झाले, हे आपण दरवर्षी २ जानेवारीला ऐकत आलो. पण बंदूक हातात घेण्याच्या आधी माथेरानच्या या वकिलाने शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं उभी केली आणि गावोगावी साक्षरतेच्या शाळा चालवल्या, हे कमी सांगितलं जातं. शिकवायचे पैसे घ्यायचे नाहीत, ही या मातीतली जुनी गोष्ट आहे. अगदी आपल्या मुरबाड तालुक्यात, फांगण्याला, ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन आज्या शाळेत निघाल्याचे फोटो जगभर गेले. तिथेही कोणी फी विचारली नाही.

आता इंटरनेटवर काय फुकट आहे ते सांगतो. नुसती नावं घेत नाही, मी वर्गात वापरलेल्या चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली, ‘फेट’. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांना २००१ चं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर स्वतः करून बघता येतात. बॅटरी उचला, तार जोडा, बल्ब लावा. जोडणी बरोबर असेल तर बल्ब पेटतो आणि तारेतून विद्युतप्रभार सरकताना दिसतात. तार बल्बला वळसा घालून थेट जोडली तर पडद्यावर ज्वाळा येतात. आपल्या वेळी परिपथाची आकृती आपण वहीत काढायचो आणि बल्ब पेटला असं समजायचो! इथे मुलगा दहा वेळा चुकू शकतो, आणि एकही बल्ब उडत नाही. यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत.

दुसरी, ‘जिओजेब्रा’. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ मध्ये त्याची सुरुवात केली. त्रिकोण काढा, एक शिरोबिंदू बोटाने ओढत न्या. कोन बदलत राहतात, बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. सिद्धता नंतर फळ्यावर करायचीच, तिला सुट्टी नाही. पण ‘हे असं का होतं?’ हा प्रश्न मुलाने स्वतः विचारल्यावर सिद्धता शिकवायची मजा वेगळी असते.

तिसरी, ‘स्टेलॅरियम’, म्हणजे खिशातलं तारांगण. ठिकाण आणि तारीख द्या, त्या रात्रीचं आकाश समोर. मी एकदा मुलांना सांगितलं, ठिकाण मुरबाड घाला, तारीख २ जानेवारी १९४३, वेळ पहाटेची. अमावास्या चार दिवसांवर आलेली, त्यामुळे रात्रीचा बराच वेळ मिट्ट काळोख आणि पहाटे पूर्वेला चंद्राची बारीक कोर. मग मुलंच बोलायला लागली. काळोखात जंगलातली वाट कशी दिसली असेल? पोलीस किती वाजता चढले असतील? शेकोटी पेटवली असेल का? तास खगोलाचा होता, तो इतिहासाचा कधी झाला कळलं नाही.

चौथी, भूगोल. आपल्या इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून सगळ्यांना खुलं आहे. उपग्रहातून शहापूर तालुका बघा. तानसा दिसतो, भातसा दिसतो. मुंबईची तहान भागवणारं पाणी आपल्या शेजारचं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणारे हंडे. हे पुस्तकात एका ओळीत असतं. नकाशावर धरण आणि पाडा यांच्यातलं अंतर मुलीने स्वतः मोजलं, की ती ओळ विसरली जात नाही.

आणि भाषा म्हणाल, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून ज्याचा पाया घातला, तो मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो. बालभारतीची पुस्तकं उतरवून घेता येतात. ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठ २०१७ ला सुरू झालं. पाठ्यपुस्तकातला तो चौकोनी कोड त्यासाठीच आहे. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी आहेत आणि त्यांचं भाषांतर करायची मुभा आहे. म्हणजे आपल्या ठाकरवाडीतली, कातकरवाडीतली मुलं घरच्या बोलीत गोष्ट लिहू शकतात. घरची बोली छापील अक्षरात बघून मुलाच्या चेहऱ्यावर काय येतं, ते एकदा पाहाच.

एक नाव राहिलं तर पाप लागेल. अरविंद गुप्ता. पुण्याच्या आयुकात त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली; २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं आणि खेळण्यांच्या कृती मोफत आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन त्रिकोण-चौकोन करा, असं ते सांगतात. बघायला पडदा एकदाच लागतो, नंतर हात.

आता तुम्ही म्हणाल, सगळंच फुकट आहे तर अडलंय कुठे? चार ठिकाणी अडलंय.

एक, नेटवर्क. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण गडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून मुलं मोबाईल घेऊन माळावर चढायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या घरी मोबाईल एकच होता आणि तो बापाबरोबर कामावर जायचा, ती माळावरही नव्हती.

दोन, वीज. पावसाळ्यात आपल्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. यावर उत्तर आपल्या शेजारीच निघालं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा बघा. लहानसा पाडा, पण सौर ऊर्जा आणि टॅबलेटवर तिथे वर्ग भरले आणि राज्यभरातले शिक्षक ती शाळा बघायला येऊ लागले. ‘पष्टेपाडा पॅटर्न’ हा शब्दच झाला. पुण्या-मुंबईहून काही शिकायचं नव्हतं, आपल्या मागच्या डोंगराआड शिकण्यासारखं होतं.

तीन, फुकटच्या नावाखालचा बाजार. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, रिक्षा चालवतात ते, एका ॲपचं ‘फ्री ट्रायल’ घेतलं. मग घरी माणूस आला, मुलाची परीक्षा घेतली, मूल मागे आहे म्हणून घाबरवलं आणि हप्ते बांधून दिले. मूल दोन महिन्यांत कंटाळलं, हप्ते चालू राहिले. म्हणून पालकांना एकच खूण सांगतो. खरोखर मोफत असलेली गोष्ट तुमचा फोन नंबर आणि बँकेचा तपशील मागत नाही.

आणि चार, सगळ्यात मोठी अडचण, माणूस. व्हिडिओ लावून सर कार्यालयात गेले तर तो व्हिडिओ म्हणजे बोलका फळा. पोरं बघतात, हसतात, विसरतात. ‘फेट’चा प्रयोग उघडायच्या आधी कोणीतरी विचारावं लागतं, ‘दुसरा बल्ब जोडला तर पहिला मंद होईल की तसाच राहील? आधी वहीत लिहा, मग करून बघा.’ हा प्रश्न विचारणारा माणूस कुठल्याच दरपत्रकात नसतो. म्हणून म्हणतो, फुकट आहे, पण आयतं नाही.

यातल्या नेटवर्कच्या अडचणीवर मात्र तोडगा आहे, आणि तो स्वस्त आहे. ‘फेट’चे प्रयोग एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. जिओजेब्रा, स्टेलॅरियम, पुस्तकांच्या फाइली, सगळं एका संगणकावर साठवता येतं. ‘कोलिब्री’ नावाचा मोफत प्रोग्राम तर याच कामासाठी आहे. एका संगणकात तो भरून ठेवला, की वर्गातले बाकीचे मोबाईल, टॅब त्याला वायफायने जोडले जातात. बाहेरचं इंटरनेट लागत नाही.

हे मी ज्या मुलांसाठी सांगतोय, ती मुलं आज या मंडपात नाहीत. दिवाळी झाली की आपल्या वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. आपल्या वर्गातही अशी मुलं होती. आठवून बघा, दिवाळीच्या सुट्टीनंतर काही बाक रिकामे राहायचे आणि आपण त्यांवर पाय पसरून बसायचो. ती मुलं पावसाच्या तोंडावर परत यायची, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असायचा. त्यातले किती जण आज या यादीत आहेत? यादी मी पाहिली आहे. फार थोडे आहेत.

मी कल्याणच्या पुढे ज्या शाळेत शिकवतो, तिथे भट्टीवरची मुलं मधूनच दाखल होतात. दोन वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी आली, आपल्याच भागातली. तिच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी वडिलांच्या मोबाईलच्या मेमरी कार्डात सहा महिन्यांचे धडे, गोष्टी आणि काही प्रयोग भरून दिले होते. वडील रात्री भट्टीवरून आले की मोबाईल तिचा. बैजिक राशींचे अवयव ती वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा नीट पाडायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शाळा मुलाच्या मागे जाऊ शकते. एका कार्डावर मावते. पण ते कार्ड भरून देणारी बाई लागते.

म्हणून निधीबद्दल माझी सूचना अशी आहे. दरवर्षी पैसे भरायचा अभ्यासक्रम आपण घेऊ नये. एक चांगला प्रोजेक्टर, एक संगणक, त्याला पुरेल एवढी सौर पॅनल आणि बॅटरी घ्यावी. उरलेल्या पैशांतून मेमरी कार्डं घ्यावीत आणि दिवाळीच्या आधी, स्थलांतर सुरू व्हायच्या आत, शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला इयत्तेप्रमाणे भरून द्यावीत. काय भरायचं ते शाळेचे शिक्षक ठरवतील. भरायचं काम आपलं.

आणि पैशांपेक्षा महत्त्वाचं, वेळ. आपल्यात नर्सबाई आहेत, वायरमन आहेत, बँकेतले आहेत, भातशेती सांभाळणारे आहेत, दोघं-तिघं सॉफ्टवेअरमधले आहेत. महिन्यातला एक शनिवार एकेकाने शाळेला द्यावा. वायरमन दादाने पडद्यावरचा परिपथ दाखवून नंतर खरा बोर्ड उघडून दाखवावा. नर्सताईने हृदयाचं चित्र फिरवून दाखवावं आणि मग मुलांना एकमेकांची नाडी मोजायला लावावी. इंग्रजीतलं चांगलं काही सापडलं तर सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याचं मराठी करावं. जगभरच्या अनोळखी माणसांनी आपल्या मुलांसाठी एवढं फुकट करून ठेवलंय. त्यात आपल्या चार ओळींची भर पडायला हरकत नाही.

कमानीला माझा विरोध नाही. शाळेला कमान शोभेलच. पण आधी त्या कमानीखालून दिवाळीनंतरही सगळी मुलं येती राहोत, आणि जी येऊ शकत नाहीत त्यांच्या खिशात शाळा असो. कमान पुढच्या मेळाव्याला बांधू, तेव्हा उद्घाटनाला ती मुलंही माजी विद्यार्थी म्हणून बसलेली असतील.

सूचना पटली तर जेवणानंतर वहीत नाव आणि आपला शनिवार लिहा. नाही पटली तर मला बाजूला घेऊन भांडा, आपली जुनी ओळख आहे.