चुना, शेरा आणि त्रुटी



१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे अकरावे कलम तुमच्यापैकी थोड्यांनीच वाचले असेल. रंग दिलेल्या किंवा धुता येणाऱ्या भिंती सोडल्या, तर बाकीच्यांना दर चौदा महिन्यांनी चुना लावावा, असे त्यात लिहिले होते. हेतू चांगला होता, कामगाराला स्वच्छ जागा मिळावी. पण असे शेकडो नियम साठले, सगळे एकाच वेळी पाळणे कुणालाच जमेना, आणि मग कुठला नियम कधी आठवायचा हे तपासणीला येणारे साहेब ठरवू लागले. इन्स्पेक्टर राज म्हणतात ते हेच.

जुलै १९९१ मध्ये अठरा उद्योग वगळता औद्योगिक परवाना रद्द झाला. परवाना राज संपले, असे आपण म्हणतो. दिल्लीतले संपले, जिल्ह्याच्या ठिकाणचे टेबल तिथेच राहिले. पुढे जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत २०१४ साली १४२ वा असलेला भारत २०१९ साली ६३ वा झाला. पेढे वाटण्याजोगीच गोष्ट, फक्त मोजणी मुंबई आणि दिल्लीपुरती होती. जालन्याचा कारखानदार त्या आकड्यात कुठेच नव्हता. पुढे इतर काही देशांच्या आकडेवारीत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला.

मला जास्त मोलाची वाटतात ती कमी गाजलेली कामे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधील शिक्षा काढल्या किंवा सौम्य केल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराची नोंदणीतून सुटका केली. त्याने नुसती सूचना द्यायची.

हा कायदा १९ डिसेंबरला लागू झाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मुंबईत कमला मिलच्या गच्चीवर आग लागून चौदा जण गेले, बरेचसे गुदमरून. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी मी त्या शेजारी ठेवतो. अग्निसुरक्षेचे नियम होते, ते पाळले जात नव्हते. चुन्याचे कलम आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेचे कलम एकाच कात्रीने कापायला निघालेला सुधारक मला लाल फितीइतकाच धोकादायक वाटतो.

तुम्हा पदवीधरांपैकी काही सनदी लेखापाल होतील, काही स्पर्धा परीक्षा देऊन खुर्चीत बसतील. खुर्चीत बसणाऱ्यांनी अर्जातल्या सगळ्या त्रुटी पहिल्याच शेऱ्यात लिहाव्यात. दर खेपेला एक नवी काढू नये. समोर उभे राहणाऱ्यांनी महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वाचावा. अधिसूचित सेवेला मुदत असते, ती टळली तर आधी खात्यातच दोन अपिले, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण ती भरावी लागते त्याच्या स्वतःच्या खिशातून.