झाडपाल्याचे औषध : अनुभव आणि कसोटी

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील खेड्यात घरामागच्या परसात तुळस, अडुळसा, कोरफड, गुळवेल यांपैकी एखादी तरी वनस्पती हमखास दृष्टीस पडते. खोकल्यास अडुळसा, पोट दुखल्यास ओवा आणि बद्धकोष्ठावर इसबगोल हे उपचार घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागत नाहीत. त्याच गावापासून काही अंतरावर प्राथमिक आरोग्य केंद्रही असते. साहजिकच झाडपाल्याचे औषध चांगले की डॉक्टरांचे, हा प्रश्न चावडीवर वारंवार निघतो.

प्रश्न स्वाभाविक असला तरी अशा रीतीने मांडल्यास त्याचे उत्तर चुकते. औषध रानातून आले की कारखान्यातून, यावरून त्याचा गुण ठरत नाही. ते कोणत्या रोगावर, किती मात्रेत, किती शुद्ध स्वरूपात आणि किती वेळेवर दिले, यावरून तो ठरतो.

सर्पगंधेचा प्रवास

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात निद्रानाश व उन्माद यांवर पूर्वापार वापरली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातील 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे केले. रक्तदाबावर प्रभावी औषधे फारच थोडी होती, अशा काळात असंख्य रुग्णांना त्याचा आधार मिळाला. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

तथापि या कथेचा उत्तरार्धही ध्यानात घेतला पाहिजे. अधिक मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र औदासीन्याने ग्रासल्याचे आढळून आले. पुढे अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाली आणि त्याचा वापर घटत गेला. वनस्पती खरोखर गुणकारी होती, म्हणूनच तिचे दुष्परिणामही खरे होते. ज्या द्रव्याचा शरीरावर परिणाम होतो, त्याचा अपायही होऊ शकतो.

चीनमधील उदाहरणही बोलके आहे. तेथील जुन्या वैद्यकग्रंथांत तापावर सांगितलेल्या एका वनस्पतीपासून तू यूयू यांच्या पथकाने १९७२ साली हिवतापावरील 'आर्टेमिसिनीन' हे द्रव्य मिळविले. त्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. नेहमीच्या पद्धतीने पाला उकळल्यास त्यातील गुण नष्ट होतो, हे जाणून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढण्याची रीत अवलंबिली होती. झाड तेच, परंतु औषध करण्याच्या रीतीवर यशापयश अवलंबून राहिले.

कसोटीस न उतरलेला अनुभव

प्रत्येक वनस्पतीचा प्रवास असा सफल होत नाही. काविळीवर भुईआवळीचा रस देण्याची प्रथा देशात अनेक ठिकाणी आहे. १९८८ साली मद्रास येथील संशोधकांनी 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू दीर्घकाळ अंगात असलेल्या व्यक्तींवर या वनस्पतीचा प्रयोग केला. औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती भुकटी घेतलेल्या २३ जणांत असे केवळ एकाच्या बाबतीत घडले. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण झाली. मात्र नंतरच्या प्रयोगांत तो गुण पुन्हा दिसून आला नाही. एका प्रयोगाच्या यशावर औषध सिद्ध होत नाही, हा धडा यातून मिळतो.

मग गावोगावी काविळीचे औषध देणाऱ्यांची ख्याती कशी होते? दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतांशी काही आठवड्यांत आपोआप बरी होते. या काळात रस घ्या, नस्य घ्या किंवा केवळ विश्रांती घ्या. रोगी बरा होतो आणि श्रेय उपचारास मिळते. अशी फसगत सुशिक्षितांचीही होते. परंतु पित्तनलिकेत खडा वा गाठ असल्याने झालेली कावीळ रसाने जात नाही. गरोदर स्त्रीला 'ई' प्रकारची कावीळ झाल्यास तिच्या जिवाला धोका संभवतो. तेथे गमावलेला आठवडा परत मिळत नाही.

निसर्गातील सारेच निर्धोक नव्हे

झाडपाल्याने गुण आला नाही तरी अपाय होत नाही, हा समज दूर केला पाहिजे. पिवळ्या कण्हेरीचे बी हृदयाची गती बंद पाडू शकते. बचनाग हे उग्र विष असल्याचे आयुर्वेदाने जाणले होते. म्हणूनच त्याच्या शोधनाची रीत सांगितली गेली. धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींपासून मिळणारे ॲट्रोपीन काही कीटकनाशकांची बाधा झालेल्या शेतकऱ्याचा जीव वाचविते. तेच द्रव्य अंदाजाने घेतलेल्या धोत्र्याच्या बियांतून पोटात गेल्यास माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतो. येथे तारक आणि मारक यांतील अंतर मात्रेचे आहे.

काही अपाय सावकाश प्रकट होतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी चिनी वनस्पतींचे मिश्रण देण्यात आले. त्यात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरी मिसळली गेल्याने सुमारे शंभर स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. आपल्याकडे सर्पदंशावर दिली जाणारी ईश्वरी ऊर्फ सापसण त्याच कुळातील होय.

मुंबईतही २०२० च्या अखेरीस, करोनाच्या साथीत, गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे हे घडले असावे, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. वाद कसाही सुटो. वनस्पतीची नेमकी ओळख पटविणे आणि किती काळ घ्यावयाची याची मर्यादा पाळणे किती महत्त्वाचे आहे, हे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यावरून दिसते.

तयार औषधांची गोष्ट निराळी नाही. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. सांधेदुखीवर तत्काळ गुण देणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. शिवाय एका औषधाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. मिऱ्यातील पिपरीन इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते. या गुणाचा उपयोग करून क्षयरोगावरील रिफाम्पिसिनची कमी मात्रा पुरेल असे मिश्रण भारतातच तयार झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु मोजून केलेला संयोग आणि नकळत घडलेला संयोग यांत मोठे अंतर आहे.

आधुनिक औषधांनाही तोच नियम

आधुनिक औषधे निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध नियंत्रणातील त्रुटी उघड केल्या. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापराने जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. आधुनिक वैद्यकाचे बळ त्याच्या तपासणीच्या पद्धतीत आहे. रुग्णांच्या दोन गटांची तुलना, ठरलेली मात्रा, प्रत्येक घाण्याचा क्रमांक आणि दुष्परिणामांची नोंद ही ती पद्धत होय. जेथे ती ढिली पडते, तेथे अनर्थ ओढवतो. वनौषधींनाही हीच पद्धत लागू केली, तर त्यांचे महत्त्व वाढेल, कमी होणार नाही. सोनामुखी आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ती याच वाटेने.

उशिराची किंमत

ग्रामीण भागात सर्वांत मोठी हानी औषधापेक्षा विलंबाने होते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक साप बिनविषारी असल्याने आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष उतरतेच असे नसल्याने मांत्रिकाला व मुळीला यश आल्यासारखे भासते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अंगात भिनल्यास प्रतिविषाच्या इंजेक्शनाखेरीज खात्रीचा उपाय नाही. चाटण देण्यात गेलेला एक तासही घातक ठरू शकतो.

पंचायतीचे कर्तव्य

अशा स्थितीत पंचायत सदस्य व शिक्षक यांना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. सर्पदंश, छातीतील कळ, झटके, गरोदरपणातील कावीळ आणि बालकाची धाप या प्रसंगी प्रथम रुग्णालय गाठावे, असा फलक पंचायतीच्या भिंतीवर लावता येईल. त्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास अडुळशावर विसंबून न राहता थुंकी तपासून घ्यावी, हे शाळेतील मुलांमार्फत घरोघर पोचविता येईल. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेला काढाही सांगावा आणि वैद्यांकडे जाताना चालू गोळ्याही दाखवाव्यात, ही सवय लावावी. मधुमेह, कर्करोग वा रक्तदाब हमखास बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. असे विक्रेते गावात आल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. बाजारातील औषधावर परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व तयार केल्याची तारीख पाहूनच ते घ्यावे.

त्याचबरोबर गावातील वैदूंचे ज्ञान तुच्छ लेखून चालणार नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. कोणती वनस्पती कोठे उगवते, तिचा कोणता भाग कशासाठी वापरतात, याची प्रामाणिक नोंद त्यात व्हावी. अतिरेकी तोडणीने सर्पगंधाच अनेक रानांतून दुर्मीळ झाली आहे. अशी नोंद आज झाली, तर उद्याच्या संशोधकाला तिचा आधार मिळेल.

पूर्वजांचा अनुभव हा संशोधनाचा आरंभ आहे. त्याला कसोटीची जोड मिळाली की तो साऱ्या जगाच्या उपयोगी पडतो, हे सर्पगंधेने दाखवून दिले. ती कसोटी पार पडेपर्यंत रुग्णाचा जीव पणाला लावण्याचा अधिकार मात्र कोणत्याही पद्धतीच्या अभिमान्यास नाही.